काढायचं किती, ठेवायचं किती

कारखान्यातून बाहेर पडलेल्या नव्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर दोन केस एकावर एक ठेवले की गाडीचा सगळा रंग आला. त्यात सर्वांत खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर. क्लिअरच्या वाट्याला यातले ३५ ते ५० मायक्रॉन येतात. गाडी चमकते ती या थरामुळे, उन्हापावसाचा मारा खातो तो हाच थर, आणि पॉलिशचं मशीन चालतं तेही याच थरावर.

पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणं, अशी बहुतेक गिऱ्हाइकांची समजूत असते. मशीन हातात घेतल्यावर त्यातलं खरं काम कळतं. क्लिअरवर बारीक ओरखड्यांची जाळी पडलेली असते. उजेड त्या ओरखड्यांच्या कडांवर विखुरतो आणि गाडी पांढुरकी, थकलेली दिसते. ओरखडा कशानेही भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर त्याच्या तळापर्यंत उतरवला, की तो दिसेनासा होतो. म्हणजे चमक येते ती काहीतरी काढून टाकल्यामुळे, आणि काढलेलं परत बसवता येत नाही. लोकरीचं पॅड आणि कडक कंपाऊंड, म्हणजे घासणारी पेस्ट, घेऊन एकदा नीट काम केलं तरी दोन-चार मायक्रॉन सहज जातात. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. तो फार पातळ झाला, की काही वर्षांत बॉनेटवर आणि टपावर पांढरे चट्टे उठून क्लिअर सोलायला लागतो. मग पॉलिशचा काही उपयोग नसतो, पत्रा पुन्हा रंगवावाच लागतो.

हा सगळा हिशेब मला रोटरी मशीनने शिकवला.

मी आयटीआयमध्ये पेंटर जनरल केलं आणि भोसरीतल्या एका बॉडीशॉपमध्ये लागलो. स्प्रे गन धरता येत होती, पुट्टी घासता येत होती, वॉटर पेपरचा हात बरा होता. बफिंगचं मशीन मात्र माझ्यासाठी नवं होतं. आमच्याकडे ते काम बघणारे वस्ताद मुंबईच्या गॅरेजांमध्ये तयार झालेले. तेव्हा कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनी आणि त्यांच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी हे त्यांचं विद्यापीठ. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली, तेव्हा ते दिवसभर त्याच गाड्यांबद्दल बोलत होते.

त्यांच्या उमेदवारीच्या काळात गॅरेजमध्ये ड्यूको म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे रंग मारले जायचे. हा रंग गनमधून पडून वाळला की मंद दिसतो. त्याला रबिंग करून, कंपाऊंड मारून चमक काढावी लागते. म्हणजे घासणं हा रंगकामाचाच भाग होता. वर क्लिअर नसायचा, रंगाचा थरच सर्वांत वर. त्यामुळे कापड असो की पॅड, ते गाडीच्या रंगाचं व्हायचंच आणि त्याची कुणाला भीती वाटायची नाही. रबिंगची आपल्याकडची बरीचशी सवय त्या काळातून आली आहे. गाड्यांवरचा रंग बदलला, सवय मागे राहिली. वस्तादांनी स्वतः ती सवय मोडली होती आणि आमच्या हाताला ती लागू नये याची ते फार काळजी घ्यायचे.

रोटरी मशीनमध्ये मोटरची ताकद गिअरमधून थेट स्पिंडलवर येते. स्पिंडलच्या आट्यांवर बॅकिंग प्लेट बसते आणि तिच्यावर वेल्क्रोने पॅड. मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे, सगळे एकाच केंद्राभोवती. वरून दाब दिला तरी पॅड थांबत नाही. याच्या उलट ड्युअल ॲक्शन मशीनचं पॅड स्वतःभोवती फिरता फिरता लहान वर्तुळात हलतही असतं, आणि जास्त दाबलं किंवा तिरकं टेकवलं की त्याचं फिरणं मंदावतं. हातून जास्त झालं तरी ते मशीन सांभाळून घेतं. रोटरी सांभाळून घेत नाही. ते तुमचा दाब, तुमचा कोन, तुमची घाई जशीच्या तशी रंगावर उतरवतं. रस्त्याकडेला काही ठिकाणी अँगल ग्राइंडरला पॅड लावून पॉलिश करतात. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्याच्याखाली रंग पोळतोच, त्यात कौशल्याचा प्रश्नच उरत नाही.

वस्तादांनी शिकवणी सुरू केली ती भंगारात निघालेल्या बॉनेटवर, आणि कंपाऊंड न लावता. बॉनेट घोडीवर आडवं ठेवलं, त्यावर पाणी मारलं, मऊ फोमचं पॅड लावलं आणि मशीन माझ्या हातात दिलं. वायर खांद्यावरून पाठीमागे, म्हणजे ती रंगावर घासत नाही आणि पॅडमध्ये गुंतत नाही. शर्टाची बटणं झाकलेली, पट्ट्याचं बक्कल झाकलेलं, हातात घड्याळ-अंगठी नाही. पॅड पत्र्यावर टेकवायचं आणि मगच बटण दाबायचं. हवेत फिरवून मग टेकवलं, की पहिला फटका रंगाला बसतो.

मशीन सुरू झालं आणि माझ्या हातातून एका बाजूला ओढ घ्यायला लागलं. मी मनगटं आवळली.

“धरून ठेवू नकोस त्याला,” वस्ताद म्हणाले. “टेकव, सैल सोड आणि कुठे जातंय ते बघ. मशीन कुठे पळतं हे कळल्याशिवाय ते वळवता यायचं नाही.”

मग त्यांनी ते एकेक करून दाखवलं. मागून पाहिलं तर पॅड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. पॅडची समोरची कड जरा जास्त टेकली, की मशीन डावीकडे सरकतं. आपल्याकडची कड टेकली, की उजवीकडे. डावी कड टेकली, की ते आपल्या अंगावर येतं. उजवी टेकली, की पुढे पळतं. आणि पॅड अगदी सपाट बसलं, की ते कुठेच जात नाही, एका जागी शांत फिरत राहतं. हे चार नियम पाण्याच्या बॉनेटवर मी पुन्हा पुन्हा केले. हळूहळू कळलं की मशीन ढकलायचं नसतंच. मनगट जरासं कलवायचं, मशीन आपणहून जातं, आपण फक्त वेग राखायचा. तेव्हापासून खांदे दुखणं कमी झालं आणि पॅडच्या मागे राहणाऱ्या रेषा सरळ यायला लागल्या.

त्यानंतर त्यांनी जो धडा दिला, तो मी जन्मभर विसरणार नाही. भंगारातलंच एक लाल बॉनेट होतं, मध्ये धारदार बॉडी लाइन असलेलं. लोकरीचं पॅड, कडक कंपाऊंड, स्पीड २०००च्या आसपास. “त्या लाइनीवर पॅडची कड टेकव आणि हलू नकोस. रंग जाताना बघून घे.” मी टेकवलं. आधी कंपाऊंड वाळून त्याचा भुरभुरा चुरा उडाला. मग गरम रंगाचा आंबूस, नाकात बसणारा वास आला. पांढरी लोकर कडेने गुलाबी झाली, आणि बघता बघता लाल. लाइनीवर एक फिकट रेघ उमटली, ती राखाडी झाली, आणि राखाडीच्या मधोमध पत्रा चमकला. सगळं काही सेकंदांत. एवढे थर, एवढी भट्टी, एवढा कारखाना, आणि माझ्या मनगटाखाली त्यातलं काही उरलं नाही.

वस्तादांनी पॅड उलटं करून माझ्यासमोर धरलं. “पद्मिनीला पॅड पिवळं झालं की आम्ही म्हणायचो, काम चालू झालं. या गाड्यांना पॅडवर रंग आला की काम संपलं. मग पेंटरला बोलवायचं.”

धारेवर रंग लवकर जाण्याची दोन कारणं आहेत. ओला रंग तीक्ष्ण कडेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो, त्यामुळे तिथे तो मुळातच पातळ बसतो. आणि सपाट पत्र्यावर पॅडभर पसरणारा मशीनचा दाब धारेवर एका रेघेत एकवटतो. म्हणून दाराच्या कडा, बॉडी लाइन, फेंडरचा ओठ, बॉनेटचं टोक यांवर आधी मास्किंग टेप लावायची. कडेजवळ काम करताना पॅडचा फेरा पत्र्यावरून कडेकडे जाऊन बाहेर पडला पाहिजे. बाहेरून कडेवर आदळला, तर लोकर अडकते, मशीन उसळतं आणि एकाच फटक्यात धार पांढरी होते. टेप काढल्यावर राहिलेली बोटभर पट्टी शेवटी हाताने करायची. ते काम संथ असतं, पण तिथे घाई करण्यासारखं काही नसतं.

प्लास्टिकच्या बंपरची गोष्ट वेगळी. पोलादी पत्रा उष्णता आजूबाजूला पसरवतो, प्लास्टिक ती धरून ठेवतं. त्यामुळे बंपरवरचा रंग फार लवकर तापतो आणि मऊ होऊन ओढला जातो. आम्ही बंपरवर स्पीड उतरवतो, पॅड मऊ घेतो आणि मध्येच थांबून हाताची मागची बाजू लावून बघतो. पत्रा असो वा बंपर, जिथे हात आरामात टेकवता येत नाही तिथे मशीन थांबलंच पाहिजे.

खऱ्या कामात एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा घ्यायची. पॅडवर कंपाऊंडचे चार थेंब, कमी स्पीडवर ते जागेवर पसरायचं, मग १२०० ते १५००च्या दरम्यान काम. आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. मग उभ्या पट्ट्या. मशीन सावकाश पुढे न्यायचं, पण एका ठिकाणी थांबू द्यायचं नाही. काम होतंय का, हे कंपाऊंडचा थर सांगतो. सुरुवातीला तो दुधाळ असतो, मग पातळ होत जातो आणि शेवटी तेलाचा हात फिरवल्यासारखा आरपार दिसायला लागतो. तिथे थांबायचं. त्यापुढे नुसतं सुकं घर्षण आणि नुसती उष्णता. आवाजही कळायला लागतो. कंपाऊंड ओलं असताना मशीन भरल्या आवाजात चालतं, सुकत आलं की आवाज कोरडा, चढा होतो. पॅडमध्ये चिकटलेला गाळ दर पॅनेलनंतर ब्रशने झाडायचा. रंगाचा आणि कंपाऊंडचा तो सुकलेला गाळच नवे ओरखडे पाडतो.

हा हात बसायला लागल्यावर मला गाड्यांवरचे ओरखडे वाचता यायला लागले. आपल्या शहरांतल्या बहुतेक गाड्यांची चमक अपघाताने जात नाही, ती रोजच्या पुसण्याने जाते. सोसायटीत सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन ओळीने गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची माती दुसऱ्या गाडीवर, दुसरीची तिसरीवर. ज्याला महिन्याला गाडीमागे थोडे पैसे मिळतात, त्याला पाणी बदलायला वेळ कोण देणार? दोष त्याचा नाही. धूळ कोरडी पुसण्यापेक्षा गाडी दोन दिवस धुळीत राहू द्यावी, आणि धुवायची तेव्हा आधी भरपूर पाणी मारून माती सोडवावी, एवढं केलं तरी क्लिअर पुष्कळ वाचतो. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात सुकून क्षारांचे गोल डाग पडतात. आमच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात लेथ आणि ग्राइंडिंगची शॉप जागोजागी आहेत. हवेतली लोखंडाची भुकटी पांढऱ्या गाड्यांवर बसते आणि पावसाळ्यात तिचे तांबडे ठिपके होतात. हे सगळं मशीन लावण्यापूर्वी निघालं पाहिजे. आधी धुणं, मग लोखंड विरघळवणारं रसायन, मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून घेणारी मऊ वडी. हात फिरवल्यावर रंग काचेसारखा गुळगुळीत लागला की पुढचं काम. नाहीतर तीच भुकटी पॅडखाली फिरते.

दुसरा मोठा धडा उजेडाचा. ट्यूबलाइटखाली कुठलीही गाडी चांगली दिसते. रोटरीचं लोकरी पॅड खोल ओरखडे काढतं, पण जाताना स्वतःच्या फेऱ्यांच्या बारीक खुणा मागे ठेवतं. शॉपमध्ये त्या दिसत नाहीत. गाडी उन्हात उभी केली आणि आपण दोन पावलं चाललो, की काळ्या बॉनेटवर पंख्याच्या पात्यांगत फिरणाऱ्या छटा दिसतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. त्या घालवण्यासाठी फोमचं मऊ पॅड, बारीक पॉलिश, कमी स्पीड आणि जवळजवळ मशीनच्या वजनाइतकाच दाब लागतो. आता आम्ही कटिंगला रोटरी आणि शेवटच्या हाताला ड्युअल ॲक्शन वापरतो. दोन्ही मशीनं एकमेकांची उणीव भरून काढतात.

तपासणीआधी पॅनेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, हाही नियम. पुष्कळशा पॉलिशमध्ये तेलं असतात. ती ओरखड्यांत बसून त्यांना तात्पुरती झाकतात. तसं झाकून दिलेली गाडी नेताना सुंदर दिसते आणि चार धुण्यांनंतर पुन्हा पहिल्यासारखी होते. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असतात ते ओरखडे काढायला. त्याला तेल लावून पाठवणं मला मान्य नाही.

एक काका मुलीच्या लग्नाआधी काळी सेडान घेऊन आले होते. “एक रेघसुद्धा दिसता कामा नये,” म्हणाले. मी जाडी मोजायचं मीटर काढलं. हे मीटर पोलादावर चुंबकीय पद्धतीने आणि ॲल्युमिनियमवर एडी करंटने रंगाची एकूण जाडी सांगतं. साध्या मीटरला प्लास्टिकवर काही वाचता येत नाही. आणि एकूण जाडीत क्लिअर किती, हे ते वेगळं सांगत नाही. म्हणून अंदाज नेहमी राखून करायचा. दारांवर ११५-१२० आलं. डाव्या फेंडरवर ३०० पार, म्हणजे तो पुन्हा रंगवलेला. बॉनेटवर मात्र ९०च्या आत.

“काका, बॉनेटवर आधी कुणीतरी बरंच घासलंय. जाळी मी हलक्या हाताने काढतो. ही एक लांब रेघ नखाला अडकते, ती मी काढणार नाही.”

“आणि काढली तर?”

“लग्नात चांगली दिसेल. पुढे क्लिअर उठायला लागला तर बॉनेट रंगवावं लागेल. ठेवली तर गाडी अजून बरीच वर्षं याच रंगावर चालेल. तुम्ही सांगा.”

त्यांनी स्वतः नखाने ती रेघ तपासली, मीटरवरचे आकडे पुन्हा एकदा घ्यायला लावले आणि म्हणाले, “राहू दे मग.” नखाला अडकणारा ओरखडा बहुधा इतका खोल असतो, की त्याच्या तळापर्यंत उतरायचं म्हणजे क्लिअरचा मोठा हिस्सा गमावायचा. तो मऊ करता येतो, त्याच्या कडा बोथट करता येतात. तेवढ्याने हातभर अंतरावरून तो डोळ्यांत भरत नाही. आम्ही तेवढंच केलं.

या कामात शरीरही खर्च होतं. मशीन तीन किलोच्या आसपास, पण दिवसभर दाराच्या खालच्या भागावर वाकून धरलं की कंबर आणि मनगटं बोलतात. वाळलेल्या कंपाऊंडची धूळ नाकात जाते. मास्क, चष्मा आणि कानाला बोळे हे आमच्या धंद्यात अजूनही बरेच जण टाळतात. माझ्याकडे आता जी मुलं शिकतात, त्यांना मी या तीन गोष्टींशिवाय मशीनला हात लावू देत नाही. त्यांचीही सुरुवात पाण्याच्या बॉनेटवरच होते, आणि प्रत्येकाला एकदा भंगारातली एक लाइन जाळायला लावतो. रंग कुठे संपतो हे डोळ्यांनी पाहिलेला मुलगा गिऱ्हाइकाच्या गाडीवर आपोआप हात सैल ठेवतो.

कुणी म्हणेल, आता चांगली ड्युअल ॲक्शन मशीनं मिळतात, मग रोटरी शिकायचंच कशाला? मी तरी शिकवत राहणार. वेग वाढतो हे एक कारण आहे, अरुंद जागी लहान पॅड चालतं हे दुसरं. पण खरं कारण हे, की हे मशीन कारागिराला आपल्या हाताची जबाबदारी घ्यायला लावतं. उष्णता, दाब, वेळ, कोन यांपैकी एकाही गोष्टीची काळजी ते तुमच्यासाठी घेत नाही. त्यावर तयार झालेला हात पुढे कुठल्याही मशीनवर सावध राहतो.

आमच्या शॉपमध्ये एक वही आहे. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक पॅनेलचे आकडे कामाआधी आणि कामानंतर तिच्यात लिहिले जातात आणि त्याची प्रत गिऱ्हाईक सोबत नेतं. पुढच्या वेळी ती गाडी माझ्याकडे येवो किंवा दुसऱ्या कुणाकडे, त्या माणसाला आपल्या हातात किती शिल्लक आहे ते कळतं. तुम्ही गाडी पॉलिशला द्याल, तेव्हा दर विचारण्याआधी हे विचारा: जाडी मोजणार का, आणि आकडे लिहून देणार का? हो म्हणणाऱ्याचा दर थोडा जास्त असला तरी गाडी त्याच्याकडे ठेवा. आणि एखादी रेघ मी काढणार नाही असं तो म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. तो तुमच्याच गाडीचा रंग वाचवतो आहे.